फाईल सेव्ह झाली, राउटरला कळले का?

वाचकांचे प्रश्न

राउटर सांभाळण्याचे काम आजवर टर्मिनलच्या काळ्या खिडकीत किंवा उत्पादकाने दिलेल्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये चालत असे. आता व्हीएस कोड, ईमॅक्स किंवा व्हिम यांसारख्या कोड एडिटरमध्येच राउटरची कॉन्फिगरेशन (म्हणजे त्याने कसे वागावे हे सांगणाऱ्या सूचना) उघडावी, तिथेच ती बदलावी आणि तिथूनच राउटरकडे धाडावी, याकडे अनेकांचा कल दिसतो आणि त्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मासिकाच्या पद्धतीप्रमाणे आकडे आणि कमांड देवनागरीत छापले आहेत. यंत्रावर टंकताना ते इंग्रजीतच टंकावेत. ही सूचना केवळ उपचार म्हणून दिलेली नाही, हे पुढील एका प्रश्नातून दिसेल.

प्रश्न : आमचा केबल इंटरनेटचा लहानसा व्यवसाय आहे. गावाच्या वेगवेगळ्या भागांत मिळून वीस-बावीस मायक्रोटिक राउटर आहेत. सगळे काम विनबॉक्स या मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरमधून होते आणि माझ्याशिवाय दोन तंत्रज्ञ ते करतात, त्यामुळे कोणी केव्हा काय बदलले याचा पत्ता लागत नाही. मुलगा म्हणतो, सगळे व्हीएस कोडमध्ये घ्या. खरेच घ्यावे का? सुरुवात कुठून करावी? (इचलकरंजीचे एक वाचक)

उत्तर : घ्यावे, मात्र सुरुवात बदल करण्यापासून नव्हे, तर वाचण्यापासून करावी. पहिले काही आठवडे एडिटरमधून राउटरवर एकही बदल धाडू नका. प्रत्येक राउटरवर ‘एक्स्पोर्ट’ ही कमांड चालवून त्याची कॉन्फिगरेशन मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढा, राउटरच्या नावाने एकेक फाईल करा आणि त्या सर्व फाईल गिटच्या (फाईलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) एका भांडारात ठेवा. ‘एक्स्पोर्ट’ला ‘टर्स’ हा शब्द जोडल्यास प्रत्येक ओळ स्वतःत पूर्ण येते, म्हणजे ती कोणत्या विभागातील आहे हे त्याच ओळीत लिहिलेले असते. एरवी लांब ओळी मध्येच मोडतात आणि दोन दिवसांच्या फाईल शेजारी ठेवून पाहताना एका शब्दाच्या बदलासाठी तीन-चार ओळी रंगलेल्या दिसतात.

एक्स्पोर्टच्या आरंभी राउटर स्वतःच काही टिपा लिहितो. त्यांत तारीख, वेळ, मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. तारखेची ओळ रोज बदलणारच, म्हणून गिटला रोज प्रत्येक फाईल बदललेली वाटते आणि खरा बदल त्या गर्दीत हरवतो. फाईल भांडारात टाकण्यापूर्वी ती एक ओळ काढून टाकणारी छोटी स्क्रिप्ट मुलाकडून लिहून घ्या. हे काम रोज रात्री आपोआप होऊ लागले, की सकाळी एडिटर उघडताच डाव्या बाजूला बदललेल्या फाईलींची यादी दिसते आणि त्या यादीतून आपल्या मूळ तक्रारीचे निम्म्याहून अधिक निरसन होते. विनबॉक्समधून कोणी काही बदलले असेल तर ते लपून राहत नाही.

ही फाईल म्हणजे राउटरची संपूर्ण प्रत आहे, असे मात्र समजू नये. एक्स्पोर्टमध्ये राउटरच्या वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि प्रमाणपत्रे येत नाहीत. राउटर ओएसच्या सातव्या आवृत्तीपासून ग्राहकांच्या जोडण्यांचे पासवर्ड वगैरे गुप्त मजकूरही मुद्दाम मागितल्याशिवाय दिला जात नाही. सहाव्या आवृत्तीत याच्या उलट होते, तिथे तो लपवायला सांगावे लागे. त्यामुळे राउटर जळाल्यास उपयोगी पडणारा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि तो एडिटरमध्ये वाचता येत नाही.

आता बदल धाडण्याविषयी. संपूर्ण एक्स्पोर्ट एडिटरमध्ये दुरुस्त करून तोच पुन्हा ‘इम्पोर्ट’ करावा, ही कल्पना सर्वांनाच प्रथम सुचते आणि ती चालत नाही. राउटरवर जो पत्ता आधीच आहे, तो पुन्हा जोडायला सांगितला की राउटर चूक दाखवतो आणि इम्पोर्ट तिथेच थांबते. त्या ओळीच्या वरचे बदल लागू झालेले आणि खालचे राहिलेले, अशी अर्धवट अवस्था उरते. म्हणून बदलापुरतीच आठ-दहा ओळींची वेगळी फाईल लिहावी. ती धाडण्यापूर्वी राउटरकडून ताजा एक्स्पोर्ट घेऊन तो भांडारातील प्रतीशी ताडून पाहावा आणि बदल लागू झाल्यावर पुन्हा एक्स्पोर्ट घेऊन तो भांडारात नोंदवावा. भांडारात राउटरने सांगितलेले असावे, आपल्या मनात असलेले नव्हे. हा क्रम कंटाळवाणा आहे, पण तो मोडला की भांडार आणि राउटर यांची फारकत होते आणि अशा भांडारावर विसंबणे हे भांडार नसण्याहून वाईट.

बदल धाडताना मायक्रोटिकचा ‘सेफ मोड’ वापरावा. टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबले की तो सुरू होतो, त्यानंतर केलेले बदल तात्पुरते राहतात आणि आपलीच जोडणी तुटली तर राउटर ते आपोआप मागे घेतो. यात दोन खाचखळगे आहेत. मागे घेण्यासाठी राउटर अलीकडच्या शंभर कृतींचीच आठवण ठेवतो. त्याहून जास्त बदल एका दमात केले तर सेफ मोड गुपचूप संपतो आणि काहीच मागे घेतले जात नाही. दुसरा खड्डा एडिटरने खणलेला आहे. व्हीएस कोडमध्ये वर फाईल आणि खाली टर्मिनल असे दोन्ही उघडे असते. कर्सर टर्मिनलमध्ये आहे असे समजून कंट्रोल-एक्स दाबावे आणि तो प्रत्यक्षात वरच्या फाईलमध्ये असावा, असे सहज घडते. मजकूर निवडलेला नसला तरी व्हीएस कोड त्या कळांनी कर्सरखालची अख्खी ओळ कापतो. म्हणजे सेफ मोड सुरू झाला नाही, शिवाय फाईलमधील एक ओळ गेली, आणि दोन्ही गोष्टी लक्षातही आल्या नाहीत. म्हणून टर्मिनलच्या ओळीत ‘सेफ’ हा शब्द डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पहिली कमांड देऊ नये. ईमॅक्स वापरणाऱ्यांना ही अडचण आणखी जाणवते, कारण तिथे कंट्रोल-एक्स हा एडिटरच्या निम्म्या आज्ञांचा आरंभच आहे आणि तो राउटरपर्यंत पोहोचवायला वेगळी खटपट करावी लागते. अशांनी सेफ मोडचे काम साध्या टर्मिनलमध्येच करावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली प्रणाली) बसवले आहे. व्हीएस कोडमधील रिमोट एसएसएच या विस्ताराने कॉलेजच्या सर्व्हरवर उत्तम काम होते, पण राउटरशी जोडू पाहिले की ते फसते. साधे एसएसएच (दूरच्या यंत्रात टर्मिनलने सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) मात्र चालते. असे का? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : रिमोट एसएसएच हा विस्तार फक्त फाईल आणण्या-नेण्याचे काम करत नाही. तो दूरच्या यंत्रावर स्वतःचा एक सर्व्हर उतरवून घेतो आणि व्हीएस कोडचे बरेचसे काम त्या सर्व्हरवर चालते. त्यासाठी दूरच्या यंत्रात किमान एक गीगाबाइट रॅम असावी, असे व्हीएस कोडच्या कागदपत्रांतच म्हटले आहे. घरगुती राउटरात अनेकदा १२८ मेगाबाइट रॅम आणि १६ मेगाबाइट फ्लॅश एवढाच संसार असतो. जागेचा प्रश्न सुटला तरी त्या सर्व्हरला सर्वसाधारण लिनक्सवर असणारे ‘जीलिबसी’ हे मूलभूत ग्रंथालय (प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडचा संच) अपेक्षित असते, तर ओपनडब्ल्यूआरटी आकाराने लहान असलेले ‘मसल’ वापरते. सिस्को किंवा मायक्रोटिकसारख्या राउटरवर तर हा मार्ग मुळातच बंद आहे, कारण तिथे एसएसएचने आत गेल्यावर लिनक्सचे शेल मिळत नाही, उत्पादकाची स्वतःची आज्ञावली मिळते.

आपल्याला उपयोगी पडेल तो मार्ग जुना आहे. ईमॅक्समधील ‘ट्रॅम्प’ दूरच्या यंत्रावर स्वतःचे काहीही बसवत नाही. साध्या एसएसएचने आत जाऊन, तिथे असलेल्या शेलच्या साध्या कमांडच वापरून ते फाईल वाचते आणि लिहिते, म्हणून एवढ्याशा राउटरवरही ते बहुधा चालून जाते. व्हिममध्ये एससीपीच्या (एसएसएचवरून फाईल नेण्या-आणण्याच्या कमांडच्या) पत्त्याने फाईल थेट उघडता येते. व्हीएस कोडच सोडायचा नसेल तर एसएफटीपीने (त्याच कामाच्या दुसऱ्या पद्धतीने) फाईल आणणारा एखादा विस्तार घ्यावा लागेल, आणि इथे बरेच जण अडकतात. ओपनडब्ल्यूआरटीवर ‘ड्रॉपबेअर’ नावाचा आटोपशीर एसएसएच सर्व्हर असतो आणि त्याच्यासोबत एसएफटीपीचा सर्व्हर येत नाही. तो ‘ओपनएसएसएच-एसएफटीपी-सर्व्हर’ या नावाच्या पॅकेजमधून वेगळा बसवावा लागतो. पूर्वी एससीपी चालायचे आणि संगणकावरील लिनक्स अद्ययावत केल्यापासून ‘एसएफटीपी-सर्व्हर नॉट फाउंड’ असा संदेश येतो, अशी तक्रार करणाऱ्यांचेही दुखणे हेच आहे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएचच्या नवव्या आवृत्तीपासून एससीपी ही कमांडही आतून एसएफटीपी वापरू लागली. कमांडला मोठ्या लिपीतील ‘ओ’ हा पर्याय जोडला की ती जुन्या पद्धतीने काम करते.

फाईल उघडली, बदलली, सेव्ह केली, पण वाय-फायचे नाव बदलले नाही, हा आपला पुढचा प्रश्न असेल. ओपनडब्ल्यूआरटीच्या कॉन्फिग फोल्डरातील फाईल सेव्ह होणे आणि चालू नेटवर्कने ती वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेव्ह केल्यानंतर ‘रीलोड कॉन्फिग’ किंवा त्या त्या सेवेचे ‘रीलोड’ द्यावे लागते. फायरवॉलच्या फाईलबाबत त्याआधी ‘एफडब्ल्यू४ चेक’ चालवून घ्यावे. फाईल थेट एडिटरमध्ये बदलल्यावर राउटरच्या ‘यूसीआय चेंजेस’ या कमांडला त्यातले काहीच दिसत नाही, कारण ती फक्त यूसीआयच्या (ओपनडब्ल्यूआरटीच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशन यंत्रणेच्या) मार्गाने केलेले आणि अजून पक्के न झालेले बदल दाखवते. ल्युसी या ओपनडब्ल्यूआरटीच्या वेबपानावरून बदल केला आणि राउटरशी संपर्क तुटला तर राउटर थोड्या वेळाने आपणहून मागे फिरतो. एडिटरच्या मार्गाला ती सोय नाही. लॅनचा पत्ताच चुकवून बसलात तर राउटर सुरू होताना बटण दाबून ‘फेलसेफ’मध्ये जावे, तिथे तो १९२.१६८.१.१ या पत्त्यावर सापडतो आणि ‘माउंट रूट’ दिल्यावर चुकलेली फाईल दुरुस्त करता येते.

प्रश्न : या कामासाठी ईमॅक्स शिकावे की व्हीएस कोड पुरे? (सोलापूरच्या एक वाचक)

उत्तर : जो हाताखालचा आहे तो पुरे. दोन फाईल शेजारी ठेवून फरक दाखवणे, गिट सांभाळणे आणि टर्मिनल उघडणे ही तिन्ही कामे दोन्हींत होतात. केवळ राउटरसाठी ईमॅक्स शिकायला घेऊ नये, असे माझे मत आहे. ईमॅक्सची गोडी असणाऱ्यांना ते पटणार नाही.

प्रश्न : मी एका कंपनीत कनिष्ठ नेटवर्क अभियंता आहे. आमच्याकडे सिस्को आणि ज्युनिपर असे दोन्ही प्रकारचे राउटर व स्विच आहेत. मी बदल एडिटरमध्ये नीट लिहून काढतो आणि टर्मिनलमध्ये चिकटवतो. आमचे वरिष्ठ प्रत्येक ओळ हाताने टंकतात आणि चिकटवणे धोक्याचे आहे असे सांगतात. कोणाची पद्धत योग्य? (हिंजवडीचे एक वाचक)

उत्तर : आपल्या वरिष्ठांचा आक्षेप सिस्कोपुरता साधार आहे, ज्युनिपरपुरता नाही. हा फरक या साऱ्या विषयाचा गाभा असल्याने त्यावर जरा विस्ताराने लिहितो.

सिस्कोच्या आयओएस या राउटर प्रणालीमध्ये कॉन्फिगरेशनच्या दोन प्रती असतात. एक चालू असलेली ‘रनिंग’ आणि दुसरी पुन्हा सुरू होताना वाचली जाणारी ‘स्टार्टअप’. आपण ओळ टंकून एंटर दाबता त्याच क्षणी ती रनिंगमध्ये लागू होते. म्हणजे चाळीस ओळी चिकटवल्या तर तो एक बदल नसून एकामागोमाग एक झालेले चाळीस बदल असतात. बाराव्या ओळीने आपलीच वाट बंद झाली तर तेराव्यापासून पुढचे काही पोहोचतच नाही. शिवाय चिकटवलेला मजकूर आधीच्या कॉन्फिगरेशनमध्ये मिसळला जातो, तिची जागा घेत नाही. फाईलमधून एखादी ओळ आपण काढून टाकली म्हणून ती राउटरवरून जात नाही, तिच्यापुढे ‘नो’ लावून ती नाहीशी करावी लागते. एडिटरमध्ये स्वच्छ दिसणारी फाईल आणि राउटरवरची वस्तुस्थिती यांत अंतर पडते ते इथे.

याचे सर्वांत परिचित उदाहरण स्विचवरील ट्रंकचे, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच जाळ्याचे आभासी भाग) एकत्र वाहून नेणाऱ्या जोडणीचे आहे. एका ट्रंकवरून १०, २० आणि ४० या क्रमांकांचे व्हीलॅन जात आहेत आणि त्यांत ३० ची भर घालायची आहे. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ ही ओळ एडिटरमध्ये अगदी निर्दोष दिसते. रंगही बरोबर येतात, शुद्धलेखनही अचूक असते. पण त्यात ‘ॲड’ हा शब्द नाही, त्यामुळे स्विच जुनी यादी पुसून फक्त ३० ठेवतो आणि उरलेल्या तिन्ही व्हीलॅनवरची माणसे एका क्षणात बाहेर फेकली जातात. एडिटरचे रंग व्याकरण ओळखतात, परिणाम ओळखत नाहीत. अशी ओळ दुसऱ्या माणसाने वाचणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि बदल आधी फाईलमध्ये लिहिला असेल तरच तो दुसऱ्याला वाचायला देता येतो. या एका कारणासाठी मी आपल्या पद्धतीच्या बाजूने उभा आहे.

चिकटवण्याचा आणखी एक धोका अगदी भौतिक आहे. राउटरला थेट जोडायच्या कन्सोल केबलचा वेग बहुधा ९६०० बॉड असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे. मोठा मजकूर एकदम ओतला की राउटर मागे पडतो आणि मधली अक्षरे गळतात. गळालेल्या अक्षरांची ओळ चूक म्हणून नाकारली गेली तर बरे, पण आयओएस कमांडची संक्षिप्त रूपेही स्वीकारतो, त्यामुळे तुटकी ओळ भलताच अर्थ घेऊन लागू होण्याची शक्यता उरते. टर्मिनलमध्ये दोन ओळींमध्ये थोडा विलंब ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

सिस्कोवर दूरवरून काम करताना आधीची चांगली कॉन्फिगरेशन स्टार्टअपमध्ये जतन करावी, मग ‘रीलोड इन १०’ अशी कमांड द्यावी आणि त्यानंतर बदल करावेत. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगरेशनसह उठतो. सगळे ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचे. मध्येच राउटरने ‘बदल जतन करू का’ असे विचारले तर उत्तर ‘नो’ हेच. ‘येस’ म्हटले की चुकलेले बदलच स्टार्टअपमध्ये बसतात आणि पुन्हा सुरू होऊन काही साधत नाही. ज्या यंत्रांवर आर्काइव्हची (जुन्या प्रती साठवण्याची) सोय लावलेली आहे तिथे ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर’ हा याहून सौम्य मार्ग आहे, कारण त्यात यंत्र बंद होऊन सुरू व्हावे लागत नाही. संपूर्ण फाईलने संपूर्ण कॉन्फिगरेशनची जागा घ्यावी असे वाटत असेल तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ आहे. ते फरक स्वतः काढते आणि आवश्यक तिथे ‘नो’ही स्वतःच लावते.

ज्युनिपरच्या जुनॉस या प्रणालीची रचना एडिटरच्या स्वभावाशी मुळातच जुळते. तिथे टंकलेले किंवा चिकटवलेले सारे ‘कँडिडेट’ नावाच्या प्रतीत जाते आणि ‘कमिट’ म्हणेपर्यंत राउटरच्या वागण्यात तसूभरही फरक पडत नाही. ‘शो’पुढे उभी रेघ देऊन ‘कंपेअर’ म्हटले की चालू आणि प्रस्तावित यांतला फरक अधिक-उणे चिन्हांसह दिसतो, जसा गिट दाखवतो. ‘कमिट चेक’ केवळ तपासते. ‘कमिट कन्फर्म्ड’ बदल लागू करते आणि दहा मिनिटांत आपण पुन्हा ‘कमिट’ म्हटले नाही तर मागे फिरते. चालू प्रत आणि तिच्या मागच्या एकोणपन्नास अशा पन्नास प्रती ‘रोलबॅक’साठी हाताशी असतात. इथे ओळी हाताने टंकण्याचा आग्रह धरायला मला कारण दिसत नाही. पुढे हीच कल्पना नेटकॉन्फ या, यंत्रांची कॉन्फिगरेशन दुरून बदलण्याच्या मानकातही आली. त्याची पहिली आवृत्ती २००६ मध्ये आणि सुधारित आवृत्ती २०११ मध्ये निघाली, आणि त्यातही पुष्टी न आल्यास बदल मागे घेण्याची मुदत मूलतः ६०० सेकंदांचीच आहे.

आपण पुढेमागे अन्सिबलकडे (अनेक यंत्रांवर आपोआप बदल धाडणाऱ्या साधनाकडे) वळाल म्हणून दोन गोष्टी. सिस्कोसाठीचे त्याचे मॉड्यूल आपल्या ओळी राउटरच्या रनिंगमधील ओळींशी अक्षरशः ताडून पाहते, म्हणून ‘नो शट’ किंवा ‘इंट’ अशी संक्षिप्त रूपे फाईलमध्ये लिहू नयेत. राउटर ती पूर्ण रूपात दाखवतो, मॉड्यूलला फरक दिसतो आणि तोच बदल ते दर वेळी नव्याने धाडत राहते. दुसरे असे, की हे मॉड्यूल सांगितल्याशिवाय स्टार्टअपमध्ये काहीही जतन करत नाही. अन्सिबल हिरवे दाखवते, सगळे सुरळीत चालते आणि दोन महिन्यांनी वीज गेल्यावर राउटर जुन्याच कॉन्फिगरेशनसह उठतो. ‘सेव्ह व्हेन’ हा पर्याय त्यासाठीच आहे.

प्रश्न : सर्व राउटरच्या फाईल मी इंटरनेटवरील गिटच्या खासगी भांडारात ठेवल्या आहेत. सिस्कोचे पासवर्ड तर कूटरूपातच दिसतात. एवढे पुरेसे आहे ना? शिवाय गिटमध्ये सर्व इतिहास असल्याने सरकारी नियमाप्रमाणे नोंदी ठेवण्याचे कामही त्यातच होते, असे मानावे का? (मडगावचे एक वाचक, लहान इंटरनेट सेवा पुरवठादार)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे.

सिस्कोच्या फाईलमध्ये पासवर्डच्या आधी ७ हा आकडा दिसला तर ते कूट नसून पडदा आहे. तो कोणालाही क्षणात उलगडता येतो. जुनॉसमध्ये डॉलर, नऊ, डॉलर अशा खुणेने सुरू होणारा मजकूरही असाच उलगडतो. सिस्कोवर शक्य तिथे आठवा किंवा नववा प्रकार वापरावा. एसएनएमपीची कम्युनिटी (राउटरवर दुरून देखरेख करताना लागणारा परवलीचा शब्द), व्हीपीएन बोगद्याच्या सामायिक किल्ल्या आणि ग्राहकांचे पासवर्ड हे फाईलमध्ये नसावेतच; त्यांच्या जागी खुणेचा शब्द ठेवून खरे मूल्य अन्सिबल व्हॉल्टसारख्या कुलपात ठेवावे. एकदा भांडारात गेलेला पासवर्ड नंतर फाईलमधून खोडला तरी इतिहासात राहतो, म्हणून जे आजवर गेले आहे ते राउटरवरच बदलावे. एडिटरमध्ये बसवलेले विस्तार उघड्या फाईल वाचू शकतात आणि कोड सुचवणारे सहायक उघड्या फाईलचा मजकूर आपल्या सेवादात्याकडे पाठवतात. राउटरच्या फाईलींसाठी एडिटरमध्ये वेगळे प्रोफाइल करून त्यात मोजकेच विस्तार ठेवणे हे फार अवघड नाही.

नोंदींविषयी. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या लॉग नोंदी १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवाव्या लागतात आणि निर्दिष्ट प्रकारच्या घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. गिटचा इतिहास म्हणजे कॉन्फिगरेशन कशी बदलत गेली याची नोंद. राउटरवर कोण केव्हा आत शिरले, कोणती जोडणी कधी तुटली, हे त्यात नसते. त्यासाठी सिसलॉगचा, म्हणजे यंत्रांच्या नोंदी गोळा करणारा वेगळा सर्व्हर लागतो. त्याच निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवण्याचेही म्हटले आहे. ते आधी करा, म्हणजे गिटमधील वेळ आणि लॉगमधील वेळ शेजारी ठेवून वाचता येतील.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकवते. विद्यार्थी एडिटरमध्ये लिहिलेल्या फाईल आणतात, त्या दिसायला अगदी बरोबर असतात, पण राउटर त्या नाकारतो. यामागे काय काय असू शकते? (लातूरच्या एक वाचक)

उत्तर : बहुधा न दिसणारी अक्षरे. विंडोजवर लिहिलेल्या फाईलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर असते आणि लिनक्सवर आधारलेल्या राउटरवर अशी स्क्रिप्ट चालवली की फाईल समोर असूनही ‘नॉट फाउंड’ येते. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर उजवीकडे ‘सीआरएलएफ’ असे दिसेल. त्यावर टिचकी मारून ‘एलएफ’ निवडावे. मजकूर वर्डमधून आला असेल तर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे झालेली असतात आणि जोडरेघेची लांब रेघ. २०२१ पासून व्हीएस कोड अशी फसवी आणि अदृश्य अक्षरे चौकटीत दाखवतो. विद्यार्थ्यांनी ती सोय त्रासदायक म्हणून बंद केली असेल तर पुन्हा सुरू करून घ्यावी.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. टिपणात मराठी लिहिताना कळफलक मराठीवर राहतो आणि पुढच्या ओळीतला आयपी पत्ता देवनागरी आकड्यांत टंकला जातो. डोळ्यांना त्यात काहीच खटकत नाही. राउटरला तो आकडा वाटतच नाही. यात खरी मौज पायथॉनची आहे. विद्यार्थ्यांनी फाईल तपासायला स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यात अंकांसाठी नेहमीचा ‘बॅकस्लॅश डी’ वापरला, तर पायथॉन ३ देवनागरी आकडेही अंक म्हणून मान्य करतो. ‘इंट’ हे फंक्शनही ‘१९२’ या देवनागरी मजकुराचे बिनतक्रार एकशे ब्याण्णव करून देते. तपासणी उत्तीर्ण, राउटर नापास. ‘आयपीॲड्रेस’ हे पायथॉनचे प्रमाण मॉड्यूल मात्र असा पत्ता नाकारते, तेव्हा तपासणीसाठी तेच वापरायला शिकवावे. टिपणे मराठीत लिहू नयेत असे मी म्हणणार नाही. ती गिटच्या नोंदीत लिहावीत. राउटरच्या ‘डिस्क्रिप्शन’मध्ये लिहिली तर अनेक यंत्रे ती धडपणे दाखवत नाहीत.

प्रश्न : एवढी तयारी करूनही राउटर नेटवर्कवरून नाहीसाच झाला तर एडिटरचा काय उपयोग? (नागपूरचे एक वाचक)

उत्तर : त्या क्षणी थोडाच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार, मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने त्या जाळ्याच्या जोडण्याच तुटल्या, अशा कमांड अडवण्यासाठी असलेल्या तपासणीच्या साधनात दोष निघाला आणि पर्यायी जोडणीही चालेना, तेव्हा अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. तिथे साधने आपल्याहून कितीतरी चांगली होती.

आपल्या पातळीवर दोन गोष्टी करता येतात. महत्त्वाच्या राउटरच्या कन्सोलला दुसऱ्याच कंपनीच्या सिमवर चालणारा एखादा छोटा मोडेम जोडून ठेवावा, म्हणजे मुख्य जाळे बंद असतानाही आत जाण्याची एक वाट उरते. त्या वाटेने दर महिन्याला एकदा तरी जाऊन पाहावे. दुसरे म्हणजे भांडाराचा सर्व्हर त्याच राउटरच्या पलीकडे असतो, हे विसरू नये. गिटची संपूर्ण प्रत इतिहासासह आपल्या लॅपटॉपवर राहू शकते, पण शेवटी जिथवर ओढून घेतली असेल तिथवरचीच. म्हणून रात्रीचे काम सुरू करण्यापूर्वी ‘गिट पुल’ द्यावे आणि कन्सोलची केबल त्याच पिशवीत आहे ना, ते पाहावे.